काचवाल्याच्या खोलीतले डॉक्टर

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मी आधी दाराबाहेर पाठवायचो. डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारे नव्हेत. रसायन, भौतिक, वनस्पती असल्या विषयांत पीएचडी झालेले आणि त्यानंतरही दोन-दोन, तीन-तीन वर्षं हैदराबाद-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळांत संशोधन केलेले. अशी माणसं बीडला माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी यायची आणि पहिली गोष्ट काय करायची, तर चपला काढायची.

"घाला त्या!" मी ओरडायचो. "परत बाहेर जा अन् चपला घालून या."

"ऱ्हाऊ द्या की भाऊ. सवय हाय."

"तीच मोडायची हाय."

मी उगाच ओरडत नव्हतो. एका कॉलेजात मुलाखती चालू असताना प्राचार्यांच्या दाराबाहेर मी चपलांचे पाच जोड ओळीनं लावलेले पाहिले होते. सगळे राखीव जागेच्या उमेदवारांचे. खुल्या जागेवाले बूट घालून खाडखाड आत जात होते. आपल्या घरात ही रीत चांगली आहे, देवळात चांगली आहे. पण आत बसलेल्या समितीला माणूस तोंड उघडायच्या आधीच कळायचं, हा कुठून आलाय आणि ह्याला किती वेळ द्यायचा.

माझा धंदा काचसामानाचा. बीकर, ब्युरेट, टेस्ट ट्यूब, सूक्ष्मदर्शक, जारमधले बेडूक, जे लागेल ते मी जिल्ह्यातल्या कॉलेजांना पुरवायचो. खुल्या आर्थिक धोरणाची वर्षं सुरू झाली आणि आमच्याकडे कॉलेजांचं पीकच आलं. तालुक्याच्या गावाला जिथे कालपर्यंत पंक्चरचं दुकान होतं, तिथे विज्ञान महाविद्यालय अशी पाटी लागली. विज्ञान म्हटलं की काच आली आणि काच म्हटलं की मी आलो! एसटीत मांडीवर ब्युरेटचं खोकं घेऊन मी धारूरच्या घाटातून गेलोय. प्रत्येक वळणाला जीव खोक्यात असायचा. धारूर माझं गाव. आम्ही वडार. बाप किल्ल्याच्या पायथ्याशी दगड फोडायचा. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालो, अधिव्याख्यात्याच्या मुलाखतीला गेलो आणि कागदावर शेरा मिळाला, 'उमेदवार योग्य आढळला नाही'.

ते चार शब्द मी वीस वर्षं छातीशी धरून फिरलो. ज्याला ऐकायचंय त्यालाही सांगितले, ज्याला नाही त्यालाही.

खोलीचे मालक नागनाथआप्पा. त्यांचं पुढे वह्या-पुस्तकांचं दुकान, मागची खोली मला दिलेली. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात पान आणि जिभेला लगाम नाही. आप्पांनी माझी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की मी सुरू केली की ते मधूनच पुढचं वाक्य म्हणायचे.

"मग कुलथे सरांनी सही केली," आप्पा म्हणायचे. "झालं का तुझं, मारत्या? आता तरी च्या पी."

डॉ. कुलथे म्हणजे त्या मुलाखतीतले विषयतज्ज्ञ. बाहेरच्यांसाठी सांगतो. निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष असतात, प्राचार्य असतात, सरकारचा एक माणूस असतो आणि विद्यापीठानं पाठवलेला विषयाचा जाणकार असतो, तो विषयतज्ज्ञ. बाकीचे प्रश्न विचारतात ते नाव-गाव-वडील. खरी सुरी तज्ज्ञाच्या हातात. त्यानं योग्य नाही म्हटलं की विषय संपला. राखीव जागेसाठी असं पुन्हा पुन्हा घडलं, की 'माणूसच मिळत नाही' असं दाखवून ती जागा खुली करून घ्यायच्या खटपटी व्हायच्या. मग अध्यक्षांचा पुतण्या, नाहीतर पुतण्याचा मेहुणा, तयारच असायचा.

हे सगळं मला कसं कळायचं? मी तिथेच असायचो ना! ज्या दिवशी मुलाखती, त्या दिवशी मी मुद्दाम माल पोचवायला जायचो. उमेदवार घाम पुसत बाहेर आला की त्याला गाठायचो. "काय विचारलं? नेमका शब्द सांग. मग तू काय म्हणालास? मग ते काय म्हणाले?" सगळं वहीत. दोन-तीन वर्षांत माझ्या लक्षात आलं, की हे तज्ज्ञ लोक आळशी असतात. कुलथे सरांचे तर सातच प्रश्न होते. परभणी असो की बीड, तेच सात, त्याच क्रमानं!

मी म्हटलं, हा तर भाव फुटलेला बाजार आहे. आता आपण घासाघीस करायची.

अशी ती रविवारची खोली सुरू झाली. बसायला काचेची खोकी, खाली पेंढा, भिंतीला काळा रंग मारून फळा. मी समिती व्हायचो, एकटाच चार आवाजांत. फी नव्हती. मात्र शिव्या भरपूर होत्या.

मोतीराम राठोड पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, ह्याचं काही होणार नाही. तांड्यावरचा मुलगा, भौतिकशास्त्रात असं काम केलेलं की ते समजावताना त्याचे डोळे चमकायचे. पण आवाज? शेजारच्या खोक्यावर बसलेल्यालाही ऐकू जात नसे. आणि मी नुसता खोकलो तरी हा उठून उभा राहायचा.

"बस बे!"

बसायचा. मी नाक शिंकरलं की परत उभा.

एका रविवारी मी त्याला पालीला बिंदुसरा धरणावर नेलं. तो भिंतीच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मधे भन्नाट वारा. मी हात हलवला की त्यानं शिकवायला सुरुवात करायची, आणि मला ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. तो प्रकाशाचे नियम ओरडून सांगतोय, मी इकडून 'ऐकू येईना' म्हणून हात हलवतोय, आणि धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघतायत. शेवटी त्यातली एक वर बघून म्हणाली, "आरं बाबा, आमाला कळलं, पर त्या म्हाताऱ्याला कळंना दिसतंय!" मोतीराम पोट धरून हसला आणि त्या हसण्यात त्याचा आवाज सुटला. महिन्याभरात तो लागला. त्याच्या वर्गातली मुलं पुढे तक्रार करायची, की सर लई ओरडतात.

पण सगळे मोतीराम नव्हते. अंगद नावाचा एक रसायनवाला होता, हुशार, शांत. त्याला मी एकामागून एक तीन प्रश्न विचारले आणि तिन्हीला तो म्हणाला, "माहीत नाही." माझं डोकं फिरलं. मी फळीवर हात आपटला, वर ठेवलेला चंबू खाली आला आणि त्याच्या पायाशी फुटला. "माहीत नाही म्हणायला इतकी वर्षं शिकलास का? तुझ्या बापानं मला विचारलं तर काय सांगू? माहीत नाही?" त्यानं वाकून काचा गोळा केल्या, कागदात बांधल्या, कोपऱ्यात ठेवल्या आणि गेला. परत आला नाही. औषध कंपनीची बॅग घेऊन फिरतो असं कुणीतरी सांगितलं. एकदा बसस्टँडवर दिसला. मी हाक मारायच्या आत वळून गेला. ती हाक अजून माझ्या घशात आहे.

तरी मी नियम बदलला नाही. उलट पक्का केला. 'माहीत नाही' म्हणायचं नाही, हा माझ्या खोलीचा कायदा झाला. विकणारा कधी असं म्हणतो का? गिऱ्हाइकानं विचारलं, हे भांडं तापवल्यावर तडकेल का, तर मी छातीवर हात ठेवून सांगायचो, तडकणार नाही!

मग रेणुका आली.

डॉ. रेणुका, तलवाड्याची. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. ही मामाकडे राहून शिकली, वनस्पतिशास्त्रात पीएचडी केली आणि नंतर दोन वर्षं हैदराबादला एका संस्थेत उसाच्या काणीवर संशोधन केलं. काणी म्हणजे बुरशीचा रोग. उसाच्या शेंड्यातून काळा, चाबकासारखा फुटवा निघतो आणि त्यातून काजळीसारखी भुकटी उडते. ती भुकटी म्हणजे बुरशीचं बी. रेणुका दारात आली ती चपला घालूनच. मला आनंद झाला.

"शाब्बास. कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. पायाला चटके बसायलेत."

तिची मुलाखत आमच्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात होती. राखीव जागा, तिसऱ्यांदा जाहिरात दिलेली. आधीच्या दोन्ही वेळी कुणी योग्य आढळलं नव्हतं. अध्यक्षांचा भाचा त्याच विभागात तासिकेवर शिकवत होता आणि त्यानं स्टाफरूममधलं कपाट आधीच स्वतःच्या नावानं घेतलं होतं. हे कपाट मीच पुरवलेलं, म्हणून मला ठाऊक. हैदराबादची संस्था रेणुकाला आणखी सहा महिने ठेवून घ्यायला तयार होती. ह्या मुलाखतीसाठी ती त्यांना नाही म्हणून आली होती. त्या वर्षी मराठवाड्यात तिच्या विषयाची तिच्यासाठी दुसरी जागा नव्हती. ही जागा गेली तर पुढच्या हंगामात आई-बापाबरोबर कारखान्यावर जायचं, नाहीतर मामानं बघितलेल्या मुलाला हो म्हणायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

आणि तज्ज्ञ कोण येणार होते? डॉ. कुलथे!

मला झोप येईना. वीस वर्षांनी कुलथे सरांना पुरून उरेल असा उमेदवार माझ्या हाती आला होता. मी रेणुकाला बसवून सातच्या सात प्रश्न काढले. उत्तरं अशी घोटून घेतली की मधे काडी शिरणार नाही. तिचं चालणं, बसणं, थांबणं, सगळं मी ठरवलं. ती शिकायची झटपट, पण वाद घालायची.

"भाऊ, ह्या प्रश्नाचं उत्तर एवढं सरळ न्हाई. ह्यात अजून शोध चालू हायत."

"समितीला शोध नको असतो. उत्तर पाहिजे असतं."

"आन् येत नसंल तर?"

"माहीत नाही म्हणायचं नाही. काहीतरी बोलत राहायचं."

ती हसली. "हैदराबादला आमी रोज सकाळी तेच म्हणायचो, माहीत न्हाई. त्याचाच तर पगार होता!"

"इथं त्याच्यावरच हाकलतात, बाई."

"तुमाला हाकललं तवा तुमी काय म्हणलावतं?"

पुढच्या दुकानातून आप्पा ओरडले, "बाई, ते इचारू नकू! सुरू झाला तर संध्याकाळ हुईल!"

आप्पांनी वाचवलं म्हणायचं. कारण खरं उत्तर मी आप्पांनाही कधी दिलं नव्हतं. मी विषय बदलला आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. चौथ्या फेरीला रेणुकानं खडू खाली ठेवला.

"भाऊ, एक इचारू? ही मुलाखत माझी हाय का तुमची?"

मी चिडलो. नको ते बोललो. मामानं बघितलेल्या मुलाबद्दलही बोललो, हे लिहिताना लाज वाटते. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. तुमचं सगळं पाठ करते. पर आत गेल्यावर मी काय बोलायचं ते मी ठरवीन." हा सौदा मला मान्य नव्हता. पण तिनं मला उत्तर द्यायला वेळच दिला नाही. पिशवी उचलली आणि गेली.

मी माझ्या बाजूनं आणखी एक सौदा केला. प्राचार्यांना नवा परदेशी सूक्ष्मदर्शक हवा होता. बाजार खुला झाल्यापासून असल्या वस्तूंची सगळ्यांनाच हाव सुटली होती. मी म्हटलं, सगळ्यांच्या आधी तुम्हाला देतो, स्वतः येऊन बसवून देतो, पण माझी अट आहे. मुलाखती तुमच्या केबिनमध्ये नाही, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत घ्यायच्या. प्राचार्य म्हणाले, "का हो?" मी म्हटलं, तज्ज्ञांना नवं यंत्र दिसेल, तुमचं नाव होईल. ते खूश. खरं कारण दुसरं होतं. केबिनमध्ये उमेदवाराला फक्त खुर्ची मिळते. प्रयोगशाळेत फळा असतो. माझा माल दाखवल्याशिवाय मी कधी विकलेला नाही.

आणि आणखी एक कारण होतं. प्रयोगशाळेला लागून काचसामानाची कोठी होती, मधे नुसती प्लायवूडची भिंत आणि एक दार. मुलाखतीच्या दिवशी मी पेंढ्यातून बीकर काढून पुसत त्या कोठीत बसलो. एक बीकर मी किती वेळा पुसला असेन, देव जाणे.

रेणुका आत आली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पहिला प्रश्न, उत्तर. दुसरा, उत्तर. माझी छाती फुगायला लागली. तिसऱ्या प्रश्नाचं कुलथे सरांचं वाक्य अर्धं झालं होतं आणि रेणुकाचं उत्तर सुरू झालं. चौथा. पाचवा. 

"थांबा," कुलथे सर म्हणाले. "हे त्या काचवाल्याकडचं आहे ना?"

बीकर हातात तसाच धरून मी कान प्लायवूडला लावला.

"मागच्या महिन्यात एका मुलानं हेच सांगितलं. त्याच्या आधी दुसऱ्यानं. श्वासही तुम्ही सगळे एकाच ठिकाणी घेता. खरं सांगा."

"होय सर," रेणुका म्हणाली. "त्यांच्याकडचंच आहे."

अध्यक्ष खो-खो हसले. "म्हणजे पाठांतर! लिहा मग, काय लिहायचं ते."

घात झाला होता, आणि तो मीच केला होता. कुलथे आळशी आहेत एवढंच माझ्या वहीत होतं. ते कानानं तिखट आहेत, हे नव्हतं.

"थांबा, अध्यक्ष," कुलथे सर म्हणाले. "बाई, आता त्यांच्याकडे नसलेला प्रश्न विचारतो. उसाची एक जात काणी पडत नाही म्हणून लोक लावतात. काही वर्षांनी तिच्यावरही काणी पडते. पण एका शेतात पडते आणि बांधापलीकडच्या शेतात नाही. जात तीच. का?"

मी मनातल्या मनात तिला सांगत होतो, बोल. काहीतरी बोल. हवामान म्हण, खत म्हण, काहीही म्हण.

"माहीत नाही सर," रेणुका म्हणाली.

आणि इथे मला ते आठवलं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी माझ्यासमोर एक पान ठेवलं होतं. ओळखा म्हणाले. मला ओळखता आलं नाही. मी ठोकून एक लॅटिन नाव सांगितलं. कुणीतरी हसलं, तसा मी तावातावानं भांडलो, की हेच नाव आहे, तुमचंच पुस्तक चुकीचं असेल. गावभर सांगताना मी हे पान नेमकं वगळत आलो होतो.

पलीकडे अध्यक्षांचा आवाज आला, "झालं तर. पुढच्याला बोलवा." मी उठलो. कोठीच्या दाराची कडी काढली होती मी. आत घुसून काय करणार होतो, ते आजही सांगता येत नाही.

"सर, माझं झालं नाही," रेणुका म्हणाली. आवाज अगदी सरळ. "मला माहीत नाही, आणि मी वाचलंय त्यावरून अजून कुणालाच ह्याचं पूर्ण उत्तर माहीत नाही. पण तीन गोष्टींचा संशय घेता येतो. लावलेलं बेणंच रोगट आहे, किंवा जमिनीत बुरशीचं बी पडून आहे, किंवा बुरशीचाच नवा वाण आलाय. हे तिन्ही वेगळे कसे करायचे ते मी सांगू शकते. खडू मिळेल का?"

कुणीतरी खडू दिला. मग जे सुरू झालं, ते मी जन्मात विसरणार नाही! दोन्ही शेतांतलं बेणं आणायचं. अर्धं गरम पाण्यातून काढायचं, म्हणजे त्यातला रोग मरेल. मग ह्या शेतातलं बेणं त्या शेताच्या मातीत, त्या शेतातलं ह्या मातीत, कुंड्यांमधून. फळ्यावर खडू नुसता पळत होता.

"जमिनीत ते बी किती टिकतं?" कुलथे सर.

"ओल्यात लवकर मरतं. कोरड्यात टिकतं. म्हणून कुंड्यांचे दोन गट करायचे, एकाला पाणी जास्त, एकाला कमी."

"आणि वाऱ्यानं शेजारच्या कुंडीत उडालं तर? तुमचा सगळा प्रयोग वाया!"

फळ्यावरचा खडू थांबला. 

"हे माझ्याकडून सुटलं सर. बरोबर आहे तुमचं. मग प्रत्येक कुंडीवर मलमलीची खोळ घालावी लागेल."

"मलमलीनं काय होतंय? भोकं केवढी असतात!" खुर्ची मागे सरकली. कुलथे सर उठून फळ्याशी गेले होते. दुसऱ्या खडूचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दोघं भांडायला लागले. कडी काढलेल्या दाराच्या फटीतून दिसत होतं, ती पुसायची, ते लिहायचे. ते पुसायचे, ती लिहायची. एकदा ती घाईत म्हणाली, "आवो न्हाई सर, तसं न्हाई, शेतात असं व्हतच न्हाई!" तिच्या लक्षातही आलं नाही की ती घरच्यासारखी बोलतेय. कुलथे सरांच्याही नाही. मधेच सरकारी माणसानं विचारलं, "बाई, म्हणजे आमच्या उसाच्या खोडव्यात जे काळं काळं येतंय, ते हेच का?" ती त्यांनाही समजावायला लागली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाचं नाव काढलं. कुणी ऐकलं नाही.

मी कोठीत एकटा उड्या मारत होतो! पन्नाशीकडे निघालेला माणूस, हातात बीकर, पायाखाली पेंढा.

मुलाखती संपल्यावर कुलथे सर फाटकाजवळच्या टपरीवर चहा प्यायला आले. मी तिथे उभाच होतो.

"तुम्हीच ते काचवाले?"

"मीच."

"तिला घेतलंय. अध्यक्ष खूश नाहीत. पण मी लिहिलं आणि सरकारी माणसानं लगेच सही केली. त्यांना बहुतेक खोडव्याची काळजी लागलीय." ते हसले. "तुमच्या त्या पाठांतरानं बुडाली होती हं ती."

मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "सर, वीस वर्षांपूर्वी धारूरचा एक वडाराचा मुलगा तुमच्यासमोर बसला होता. तुम्ही त्याला योग्य नाही लिहिलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "आठवत नाही."

"आठवत नाही? पानाचं नाव खोटं सांगितलं होतं मी. भांडलो होतो तुमच्याशी!"

"तुम्ही काय सांगितलं ते मी ऐकलंही नसेल," ते म्हणाले. त्यांचा चहा तसाच राहिला होता. "त्या काळी शेरा आधी तयार असायचा, मुलाखत नंतर व्हायची. मी नवीन होतो. अध्यक्ष कागद पुढे करायचे, मी सही करायचो. किती जणांच्या केल्या, खरंच आठवत नाही."

वीस वर्षं मला वाटत होतं की हा माणूस माझा वैरी आहे. वैऱ्याला निदान माझं तोंड तरी ठाऊक असेल. आणि त्या खोट्या पानानं मला वीस वर्षं आतून कुरतडलं होतं, तेही फुकट. ते पान बरोबर ओळखलं असतं तरी कागदावर तेच असणार होतं. माझा हात त्यांच्या कॉलरपर्यंत गेला. गेलाच. टपरीवाला "भाऊ, भाऊ" करत पुढे आला.

कुलथे सर मागे सरकले नाहीत. "माफी मागू?" ते म्हणाले. "मागतो."

माझ्यातला विकणारा तेवढ्यात जागा झाला, नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं कोण जाणे. मी हात खाली घेतला.

"माफी माझ्या काय कामाची? रविवार पाहिजेत."

"कसले रविवार?"

"माझ्या खोलीत यायचं. पोरांना प्रश्न विचारायचे. ते सात नाही, असले, आज विचारला तसले. महिन्याचे चारही."

"चार कसे जमतील? मला घर आहे. दोन."

"सह्या करताना घर आठवलं नव्हतं. चार."

"दोन, आणि येण्याचा खर्च माझा."

"खर्च तुमचाच असणार, सर. तीन."

ते खाली बघून थोडं हसले. "तीन."

मी त्यांना माफ केलं नाही. कामाला लावलं.

पहिल्या रविवारी मी मुलांना फळ्यासमोर उभं करून सांगितलं, की माझा तो कायदा आजपासून रद्द. ज्याला येत नसेल त्यानं मोठ्यानं सांगायचं, आणि मग कसं शोधणार तेही सांगायचं. अंगदला मी पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही.

कुलथे सर एसटीनं आले, हातात डबा, बगलेत छत्री. मी दिलेल्या खोक्यावर बसले. समोरच्या खोक्यावर रेणुका होती. तिला रुजू होऊन आठवडा झाला होता, आणि मलमलीच्या खोळीवरून तिनं आल्या आल्या त्यांना पुन्हा धरलं होतं. आप्पांनी दुकानातून मान आत घातली, सरांना खालून वर न्याहाळलं आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"ह्योच का त्यो? सहीवाला?"

"ह्योच."

"आन् तू त्याला बसवून च्या पाजायलास? मारत्या, इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस. कानाखाली एक तरी ठिवून देत कावून न्हाईस बे?"

आतून कुणाचा तरी अडखळता आवाज आला. पहिलंच पोरगं उभं राहिलं होतं. कुलथे सर त्याला म्हणत होते, "सावकाश. मला घाई नाही. पुन्हा पहिल्यापासून सांग."

"आज न्हाई, आप्पा," मी म्हणालो. "आज आत सहा जण बसल्यात."